जंगलाचे किडे आणि गादीतले ढेकूण

मार्गशीर्षात दत्तजयंतीला शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार देशभर माहीत आहे. गेल्या दशकात या यात्रेला चेतक फेस्टिव्हलची जोड मिळाली आणि नदीकाठी पाहुण्यांसाठी तंबूंची वस्ती उभी राहू लागली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्यात 1100 मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळला, थंडीत यशवंत तलाव आणि सीताखाई पाहायला जाणाऱ्यांनाही आता तंबूत रात्र काढायची हौस असते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. इथल्या तरुणांना घराजवळ रोजगार देऊ शकेल असा हा व्यवसाय आहे, म्हणूनच तो नीट चालायला हवा असे मला मनापासून वाटते.

उघड्यावर रात्र काढणे या मुलखाला नवे नाही. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला निघालेले भाविक डोंगर चढताना जागा मिळेल तिथे अंग टाकतात. डास चावला, मुंग्या लागल्या तरी ते कोणाला जाब विचारत नाहीत, कारण त्यांनी त्या जागेचे कोणाला भाडे दिलेले नसते. पैसे मोजून घेतलेला तंबू ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मालकाने गादी, पाणी, संडास, जेवण आणि सुरक्षित रात्र विकलेली असते.

चेतक फेस्टिव्हलच्या आयोजनासाठी पर्यटन विकास महामंडळाने अहमदाबादच्या एका कंपनीशी केलेला सुमारे 321 कोटींचा करार राज्य सरकारने नोव्हेंबर 2019 मध्ये आर्थिक अनियमिततेचे कारण देऊन रद्द केला. तेव्हा त्या कोटींची बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मुक्कामाला येणाऱ्या माणसाचे प्रश्न मात्र फार लहान असतात. ही गादी कुठून आली? पिंपावर झाकण आहे का? रात्री तक्रार केली तर उठून कोण येईल?

सातपुड्यातल्या एका तंबू-मुक्कामात आमच्या कुटुंबाला या तिन्ही प्रश्नांची वाईट उत्तरे मिळाली. मध्यरात्री मुले खाजवत उठली. विजेरीच्या उजेडात गादीच्या शिवणीवर ढेकूण चालताना दिसले. संडासापाशी उघड्या पिंपात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. व्यवस्थापकाचा फोन बराच वेळ वाजत राहिला. सकाळी तो भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘साहेब, जंगल आहे. किडे असणारच.’’ पैसे परत मिळणार नाहीत, हे त्याने आम्ही न विचारताच सांगितले. त्या वाक्याने मला चावण्यापेक्षा जास्त त्रास दिला, कारण ते साफ चुकीचे आहे आणि बहुतेक पाहुणे ते खरे मानून गप्प बसतात.

ढेकूण जंगलात राहत नाही. तो माणसाच्या अंथरुणाशी बांधलेला कीटक आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत प्रामुख्याने आढळते ती जात म्हणजे सायमेक्स हेमिप्टेरस. थंड देशांतली तिची बहीण म्हणजे सायमेक्स लेक्ट्युलॅरियस. दोघींना पंख नाहीत आणि उडी मारता येत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावाला त्या जातात त्या गादीतून, सतरंजीतून, पिशवीतून. म्हणजे तंबूतल्या गादीत ढेकूण असेल तर तो झाडावरून आलेला नाही, कोणीतरी तो तिथे आणलेला आहे.

कसा आणला, हेही बहुतेक वेळा शोधता येते. हंगामी तंबूंच्या गाद्या बऱ्याचदा बिछायत केंद्रातून भाड्याने येतात. त्याच गाद्या लग्नाच्या जानोशात, सप्ताहाच्या मांडवात, वसतिगृहाच्या शिबिरात फिरलेल्या असतात. मधल्या काळात त्या गोदामात एकावर एक रचलेल्या असतात. ढेकणाची मादी आयुष्यात दोनशेहून अधिक अंडी घालते. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कातेआधी त्याला रक्ताचे एक जेवण लागते. मोठा ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो. त्यामुळे गोदामात बंद ठेवलेली गादी म्हणजे स्वच्छ गादी, हा समज घातक आहे. एका गठ्ठ्यातून आलेल्या गाद्या चाळीस तंबूंत वाटल्या की चाळीस तंबूंत ढेकूण पोचू शकतात.

चावताना ढेकूण लाळेतून रक्त गोठू न देणारी द्रव्ये सोडतो. पाच-दहा मिनिटांत पोट भरून तो शिवणीत परततो. अनेकांना ते कळतही नाही. गांधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी उठते, आणि तोवर पाहुणा घरी पोचलेला असतो. म्हणूनच अंगावरच्या गांधींवरून ढेकणाचा निकाल लावू नये. पुरावा गादीत शोधावा. शिवणीवर शाईच्या टिंबासारखे काळपट डाग, टाकलेल्या फिकट काती, चादरीवर रक्ताचे ठिपके आणि जिवंत ढेकूण, ही त्याची खूण. तंबूत शिरताच सामान गादीवर टाकण्याआधी चादर उचलून चारही कोपरे पाहिले तर दोन मिनिटे लागतात. ढेकूण माणसात रोग पसरवतो असे आजवर सिद्ध झालेले नाही, पण झोपमोड, खाज आणि खाजवून होणारा संसर्ग हा त्रास खरा आहे. आणि तो सामानातून आपल्या घरी आला तर मुक्काम संपला तरी त्रास संपत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने अनेक देशांत ढेकूण जवळजवळ नाहीसा केला होता. मग त्याने डीडीटी पचवले, पुढे पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकेही पचवली, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तो जगभर परतला. 2023 च्या शरद ऋतूत, ऑलिंपिकच्या तोंडावर, पॅरिसमध्ये ढेकणांवरून मोठा गदारोळ झाला. याचा अर्थ असा की बाजारातला फवारा आणून गादीवर मारला म्हणजे काम झाले, असे समजू नये.

उष्णता मात्र त्याला पचवता आलेली नाही. साधारण 48 ते 50 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता गादीच्या आतपर्यंत पोचून पुरेसा वेळ टिकली तर ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. खानदेशात खाट उन्हात आपटायची आणि तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतायची रीत होती, तिच्यामागे हेच शास्त्र होते. नंदुरबारच्या सपाटीवर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गादी अशा उन्हात ठेवली तर आतले तापमान हवेपेक्षा बरेच चढते. नुसती पसरून ठेवली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून गुंडाळणे आणि उलटणे महत्त्वाचे. तंबूवाल्याने हे काम हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात, सपाटीवर करावे, डिसेंबरात तोरणमाळच्या कोवळ्या उन्हात नव्हे. चादरी-अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुवावेत आणि गादीला चेनचे पूर्ण बंद कव्हर घालावे. यात महाग असे काही नाही, लागते ती मेहनत.

डासांचेही असेच आहे, फक्त तिथे जबाबदारी थोडी वाटली जाते. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज आहेत. अडवलेल्या पाण्याच्या काठावर आणि नदीपात्रातल्या डबक्यांत ॲनाफिलिस डास वाढतो. तो रात्री चावतो आणि हिवताप पसरवतो. तंबूमालक नदी उपसू शकत नाही, हे मान्य. पण डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि तो वाढतो पिंपात, बादलीत, कुलरच्या टाकीत, फेकलेल्या कपात, तंबूच्या ताडपत्रीच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्यात. क्युलेक वाढतो मोरीच्या आणि संडासाच्या सांडपाण्यात. हे दोन्ही डास मालकाच्या आवारातले आहेत. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, तो याच हिशेबाने. दर आठवड्याला भांडी रिकामी करून घासली तर एकही पिढी पुरी होत नाही. मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडता येतात.

माशी आणि उंदीर यांना बोलावणे स्वयंपाकघरातून जाते. सारंगखेड्यासारख्या ठिकाणी घोड्यांची लीद हा आणखी एक मोठा स्रोत असतो. माशी ओल्या लिदीत अंडी घालते, आणि दीड-दोन आठवड्यांत नवी माशी तयार होते. त्यामुळे यात्रेच्या पहिल्या दिवसांत स्वच्छ वाटलेली जागा नंतर माश्यांनी भरते आणि चालकाला वाटते, अचानक कुठून आल्या! लीद रोज उचलून दूर नेणे आणि जेवणाचा मांडव तबेल्यापासून लांब उभारणे हाच त्यावर उपाय. उष्टे-खरकटे तंबूच्या मागे टाकले की उंदीर येतात. आणि उंदरामागोमाग साप येतो, हे सातपुड्यातल्या कोणत्याही गावकऱ्याला सांगावे लागत नाही.

इथून मात्र खऱ्या जंगलाच्या जिवांचा विषय सुरू होतो आणि त्यात काळजी जास्त घ्यायला हवी, कारण हे जीव नुसती झोपमोड करत नाहीत.

मण्यार हा निशाचर साप आहे. उंदीर, पाली आणि दुसरे साप यांच्या मागावर तो फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला बऱ्याचदा झोपेतच चावतो. त्याचा चावा इतका कमी दुखतो की अनेकांना जागही येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि मग श्वासाचे स्नायू थकू लागतात. पोटदुखीचे निमित्त समजून सोडा-लिंबू देण्यात वेळ गेला तर जीव जातो. तंबूत झोपलेल्या माणसाला अशी लक्षणे दिसली तर अंगावर खूण असो वा नसो, 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविष लस भारतात तयार होते. बचावाचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले होते. म्हणून तंबू घेताना खाली शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी चेन आहे का, हे पाहावे. नसेल तर खाट मागावी आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी.

विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला काही दिले आहे. लाल विंचवाचे विष हृदयावर आघात करते, आणि पूर्वी अशा गंभीर रुग्णांत, विशेषतः मुलांत, मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध या रुग्णांवर वापरून ते प्रमाण कित्येक पटींनी खाली आणले. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. विंचू दगडाखाली, लाकडाच्या ढिगात, विटांच्या फटीत राहतो. शेकोटीचे सरपण तंबूला टेकून रचणे ही इथे नेहमी दिसणारी चूक आहे. अतिनील प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो, त्यामुळे अतिनील विजेरी घेऊन चालकाचा माणूस संध्याकाळी आवारातून एक फेरी मारू शकतो. पाहुण्याने सकाळी बूट झटकून घालावेत.

सर्वात कमी चर्चा होते ती सर्वात लहान जिवाची. गवतात राहणाऱ्या एका माइटची अळी, जेमतेम 0.2 मिलिमीटरची, स्क्रब टायफस हा ताप पसरवते. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि उर्वरित विदर्भात या तापाचे रुग्ण आढळले आणि मृत्यूही झाले, तेव्हा कुठे राज्यात त्याचे नाव ऐकू येऊ लागले. चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो आणि अनेकदा चाव्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली दडलेली असते. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने हा ताप बरा होतो. म्हणून जंगलातल्या मुक्कामानंतर तीन आठवड्यांत ताप आला तर ‘आम्ही तंबूत राहून आलो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोचिडीही याच गवतातून अंगावर चढतात. घोडे आणि गुरे बांधलेल्या जागेशेजारी त्यांचा उपद्रव जास्त. तंबूभोवतीचे गवत घोट्याच्या खाली कापून ठेवणे, बसायला उघड्या गवताऐवजी सतरंजी देणे, हे चालकाचे काम. लांब बाह्या, मोजे आणि डीट असलेले मलम, ही पाहुण्याची तयारी.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. थंडीसाठी किंवा डास पळवण्यासाठी कोळशाची शेगडी बंद तंबूत कधीही ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

तर ‘जंगल आहे, किडे असणारच’ या वाक्याचे काय? पाखरे दिव्यावर येतील, रातकिडे ओरडतील, एखादा विंचू दगडाखाली असेल, हे पाहुण्याने स्वीकारलेच पाहिजे. गादीतला ढेकूण, पिंपातली अळी, खरकट्यावरचा उंदीर आणि न उचललेला फोन यांचा जंगलाशी काहीही संबंध नाही.

अमेरिकेतला एक खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. शिकागोत मोटेल 6 या साखळीच्या एका मोटेलमध्ये 2000 साली राहिलेल्या एका भावाबहिणीला ढेकणांनी फोडून काढले. खटल्यात बाहेर आले की कीटकनियंत्रण करणाऱ्या कंपनीने दोन वर्षांपूर्वीच सगळ्या खोल्यांवर फक्त 500 डॉलरमध्ये उपाय करून देऊ असे सांगितले होते आणि मोटेलने ते नाकारले होते. तक्रार करणाऱ्यांपुढे ढेकणांना ‘गोचिडी’ म्हणावे, अशी सूचनाही कर्मचाऱ्यांना होती. ज्युरीने दोघांना प्रत्येकी 5,000 डॉलर भरपाई आणि वर 1,86,000 डॉलर दंडात्मक भरपाई दिली. 2003 मध्ये न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी तो निकाल कायम ठेवला. ढेकूण निघाले यापेक्षा ते माहीत असून खोल्या भाड्याने दिल्या, हा तिथे खरा दोष ठरला.

आपल्याकडे एवढ्या मोठ्या दंडाची प्रथा नाही, पण कायदा कमकुवत नाही. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा देशात ग्राहक कायदा नव्हता. तो 1986 मध्ये आला. आज लागू आहे तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, जुलै 2020 पासून. कबूल केलेल्या दर्जात कमतरता असेल तर ती ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्रुटीयुक्त सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न करणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. त्यामुळे बुकिंगच्या पानावर ‘कोणत्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत’ असे छापले म्हणून विषय संपत नाही. पाहुण्यावर एकतर्फी भार टाकणारी अट या कायद्याखाली तपासली जाऊ शकते. तलावाकाठचे चकचकीत फोटो दाखवून प्रत्यक्षात नाल्याकाठी तंबू देणे हा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा प्रकार आहे.

पण ग्राहक आयोगापुढे राग उपयोगी पडत नाही, कागद लागतो. ढेकूण दिसला की त्याच क्षणी फोटो आणि व्हिडिओ घ्यावा. पारदर्शक चिकटपट्टीवर एक ढेकूण चिकटवून ठेवला तर तो पुरावाही होतो आणि ओळखही. तक्रार तोंडी करून थांबू नये, व्यवस्थापकाला व्हॉट्सॲपवर किंवा एसेमेसवर वेळेसह लिहावी आणि नेमके काय हवे ते मागावे, म्हणजे दुसरा तंबू, बदललेली गादी किंवा परतावा. त्याने काय केले, किती वेळात केले, हेही नोंदवावे. बिल, यूपीआयची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. अंगाला त्रास झाला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. सामान घरात नेण्याआधी कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि पिशव्या उन्हात उलट्या करून झटकाव्यात.

चालकांनाही एक विनंती आहे. तोरणमाळचे गरीब तरुण मोठ्या कंपनीइतका खर्च करू शकत नाहीत, हे खरे. पण रात्री तक्रार आल्यावर कंदील घेऊन येणे, ‘चूक झाली’ म्हणणे, दुसरी गादी देणे आणि सकाळी अर्धे पैसे परत करणे यासाठी मोठी कंपनी लागत नाही. तसे वागलेल्या माणसाविरुद्ध कोणी आयोगात जात नाही, आणि पाहुणा पुढच्या हिवाळ्यात परत येतो.

ज्यांना असे कोणी भेटले नाही, त्यांनी गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. अनेक तक्रारी तिथेच मिटतात. मिटली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तंबू नंदुरबार जिल्ह्यात असला तरी नाशिकच्या, जळगावच्या किंवा पुण्याच्या पाहुण्याला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते.